दोन वैरी वंशांची दोस्ती लिहायची कशी: अडावदच्या गल्ल्यावरून

माझं अडावदला बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मे-जूनमध्ये कपाशीच्या पाकिटांपुढे मान वर करायला सवड नसते, पण रब्बीच्या पेरण्या आटोपल्या की दुपारी गल्ल्यावर बसून मी फँटसी लिहिते. मोबाइलवर, भागाभागांनी. त्यामुळे चोपडा, यावल, शिरपूरकडची लिहिणारी पोरंपोरी आपापल्या कथा मला वाचायला पाठवतात. ड्रॅगन असतात, मंतरलेल्या तलवारी असतात, आणि हमखास दोन वैरी वंशांतले दोघं असतात, जे तिसऱ्या भागात एकमेकांचे जिवलग होतात. होतात कसे? एक जण पुरात वाहत असतो, दुसरा हात देतो, आणि काठावर ओल्या अंगानं भाषण होतं की रक्त सगळ्यांचं लालच असतं. इथं मी मोबाइल पालथा ठेवते आणि गिऱ्हाईक बघते.

ही दोस्ती पटेल अशी लिहायची असेल तर काय काय करावं लागतं, ते सांगते.

सुरुवात दोस्तीपासून करूच नका, वैरापासून करा. आणि वैर म्हणजे "हजारो वर्षांचं शत्रुत्व" असं मोघम नको. कोणी, कोणाचं, काय केलं? टोलकीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला लेगोलास हा एल्फ, म्हणजे जंगलात राहणाऱ्या वंशातला, आणि गिमली हा ड्वार्फ, म्हणजे खाणी खोदणाऱ्या बुटक्या वंशातला, ही जोडी सगळ्यांना माहीत असते, पण त्यांच्या बापांचं प्रकरण फार जणांच्या लक्षात राहत नाही. लेगोलासचा बाप म्हणजे वनातल्या एल्फांचा राजा. त्यानं गिमलीच्या बापाला, ग्लोइनला, त्याच्या साथीदारांसकट तळघरात डांबलं होतं. ही गोष्ट १९३७ च्या 'हॉबिट'मधली. पुढच्या मोठ्या कादंबरीत एलरॉन्ड या एल्फ सरदाराच्या दरबारी सभा भरते, तेव्हा म्हातारा ग्लोइन ते भर सभेत उकरून काढतो आणि दोघांची पोरं तिथंच बसलेली असतात. म्हणजे वैराला नाव आहे, जागा आहे, आणि ज्याच्यावर ते गुदरलं तो माणूस अजून जिवंत आहे. बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात जाणारी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे हे आपल्याला शिकवावं लागू नये. "ते लोक वाईट" असं कोणी नुसतं म्हणत नाही. "त्यांच्या आज्यानं आमच्या विहिरीचा पाट फोडला," असं म्हणतात.

दोन्ही बाजूंना खरी तक्रार द्या. एक वंश निव्वळ बिचारा आणि दुसरा निव्वळ दुष्ट असला की उरते ती दया, आणि दयेवर कथा फार लांब जात नाही.

मग पूर्वग्रह दाखवायची वेळ येते. नवीन लिहिणारे इथं शिव्या घालतात. एक पात्र दुसऱ्याला "घाणेरड्या राक्षसा" म्हणतं आणि लेखकाला वाटतं, झालं काम. मला विचाराल तर शिवी ही सगळ्यात स्वस्त खूण. पूर्वग्रह बसलेला असतो व्यवहारात, रीतीत, नियमात. आमच्याच दुकानाच्या, सासऱ्यांच्याही आधीच्या काळातल्या उधारीच्या वह्या मी चाळल्या आहेत. काही आडनावांपुढे रक्कम आणि "कापूस निघाल्यावर" असं लिहिलेलं. वरच्या, सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या माणसांच्या नावापुढे एकच शब्द, "रोख". तेच बियाणं, तोच पाऊस, तोच कापूस. कोणी कोणाला वाकडं बोललं नव्हतं, उलट पाणी विचारलं असेल, बसायला बाकही दिला असेल. वहीतला तो "रोख" मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त बोलका वाटतो, आणि तुमच्या कथेतल्या राज्यात त्याच्या जागी काय असेल ते शोधणं हे तुमचं पहिलं मोठं काम. पुलावरचा टोल? सरायमधला वेगळा पेला? साक्ष द्यायची बंदी?

टोलकीनची डोळ्यांवरची पट्टी आठवा. लोरियन या एल्फांच्या जंगलात शिरताना तिथला पहारेकरी हल्दिर सांगतो की ड्वार्फ आला तर डोळे बांधूनच येईल, कायदाच तसा आहे. हल्दिर काही खलनायक नाही, चांगला सज्जन माणूस आहे. गिमली कुऱ्हाडीला हात घालतो. मग त्यांच्या टोळीचा म्होरक्या अॅरागॉर्न तोडगा काढतो की बांधायचे तर सगळ्यांचेच बांधा. गिमलीला त्यात गंमत वाटते. तो म्हणतो, एकट्या लेगोलासचे बांधले तरी माझं समाधान होईल. आणि आता चिडतो कोण? लेगोलास. मी एल्फ आहे, हे माझे नातलग आहेत, माझे डोळे का बांधता? एक मिनिटापूर्वी ज्याला हा नियम साधा वाटत होता, त्याला तोच नियम स्वतःवर आल्याबरोबर झोंबतो. एकही भाषण नाही. मला विचाराल तर त्या दोघांची दोस्ती इथं सुरू होते, पुढच्या कुठल्या लढाईत नाही. आणि पट्ट्या सोडायची वेळ येते तेव्हा हल्दिर सगळ्यात आधी गिमलीची सोडतो आणि त्याची माफी मागतो. हा क्रमसुद्धा लेखकानं ठरवलेला आहे, आपोआप पडलेला नाही.

आता ते पुराचं. जीव वाचवण्यानं दोस्ती होते हा समज कथेतून काढून टाका. जीव वाचवला की उपकार होतो, आणि उपकार फिटतो. फिटला की माणूस मोकळा होऊन जुन्या मतांकडे परत जातो. दोस्ती म्हणजे चालू खातं असतं, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं बाकी राहिलेलं, म्हणूनच माणूस पुन्हा दुकानात येतो. वाचवायचंच असेल तर आधी बरोबरी येऊ द्या, मग वाचवा.

बरोबरीवरून आठवलं. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं पूर्वग्रहावर मोठं पुस्तक लिहिलं १९५४ मध्ये, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड आला त्याच वर्षी. नुसते दोन गट एकत्र आणून काही होत नाही, असं तो सांगतो. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि वरच्या सत्तेचा किंवा रीतीचा या भेटीला पाठिंबा हवा. पुढे १९९८ मध्ये थॉमस पेटिग्र्यू यानं त्यात भर घातली की दोस्ती व्हायला वाव मिळाला पाहिजे, म्हणजे निवांत वेळ आणि पुन्हापुन्हा भेट. अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ जणांच्या टोळीला ही यादी लावून बघा, जवळजवळ सगळं बसतं. तुमच्या कथेला लावा आणि काय कमी पडतंय ते बघा. बहुतेक वेळा निवांतपणाच कमी पडतो. सगळे सारखे धावत असतात, लढत असतात. दोन माणसं काही न घडता एकत्र बसलीयत असं एकही पान नसतं.

बरोबरी म्हणजे दोघांची ताकद सारखी असं मात्र नाही. अर्सुला ल गुइनच्या 'टूम्ब्ज ऑफ अटुआन'मध्ये टेनार ही गोऱ्या कार्ग लोकांची पुजारीण असते. सावळे जादूगार देवाधर्माचे नसतात, असं तिला लहानपणापासून पढवलेलं. तिच्याच भुयारात असा एक सावळा जादूगार, गेड, चोरीला येतो आणि ती त्याला कोंडून ठेवते. पाणी तिच्या हातात, दार तिच्या हातात. पण त्या भुयारातल्या काळ्या शक्तींना थोपवून धरायची ताकद त्याच्याकडे, आणि भुयाराच्या वाटा तिच्या पाठ. दोघांपैकी एकटा कोणी बाहेर पडू शकत नाही. ही अशी गरज उभी करा. आणि हेही बघा की इथं गोऱ्या बाजूच्या मनात मळ आहे आणि सावळा माणूस समजूतदार आहे. फँटसीत हे फार उशिरा आलं.

आता सगळ्यात कठीण भाग. लोरियनमध्ये राहत असताना लेगोलास गिमलीला बरोबर घेऊन फिरायला जायला लागतो आणि बाकीच्यांना नवल वाटतं, असं टोलकीन एका वाक्यात सांगून मोकळा होतो. ते दोघं कुठं गेले, काय बोलले, पहिल्यांदा कोण हसलं, काही नाही. टोलकीन म्हणून चाललं. तुम्ही तेच वाक्य उघडून बसायचं आहे. तिथं काय भरायचं?

शरीर भरा. टेरी प्रॅचेटच्या 'मेन अॅट आर्म्स'मध्ये (१९९३) डेट्रिटस हा ट्रोल आणि कडी हा ड्वार्फ शहराच्या पहाऱ्यात एकत्र ड्युटीला असतात. ट्रोल आणि ड्वार्फ म्हणजे त्या जगातले पिढीजात वैरी. ट्रोलचा मेंदू गरमीत मंद चालतो आणि थंडीत तल्लख, हे कडीच्या लक्षात येतं. तो काय करतो? डेट्रिटससाठी पंखा बसवलेलं शिरस्त्राण बनवतो. ज्या वंशाला सगळे "ढ" म्हणत होते तो ढ नव्हताच, त्याला गरम होत होतं! एवढं एक यंत्र अख्ख्या पूर्वग्रहाची हवा काढतं, आणि त्याला कुठलं भाषण लागत नाही. एप्रिल-मे मध्ये आमच्या खानदेशात दुपारी दोन वाजता हिशोब करून बघा, डेट्रिटसचं दुःख लगेच कळेल.

चेष्टा आणि चढाओढ भरा. टोलकीनच्या हेल्म्स डीपच्या लढाईत लेगोलास आणि गिमली कोणी किती मारले ते मोजत असतात, आणि शेवटी गिमलीचे बेचाळीस, लेगोलासचे एक्केचाळीस. मारामारीची मोजदाद मला तितकीशी आवडत नाही, पण एकानं हरायचं आणि हसून हरायचं हे त्यात बरोबर आहे.

आणि एकमेकांच्या आवडीची जागा बघणं भरा. गिमली हेल्म्स डीपच्या गुहांवर लोभावतो आणि पानभर त्यांचं वर्णन करत सुटतो, लेगोलासला फँगॉर्नचं जंगल पुन्हा बघायचं असतं. सौदा ठरतो की तू माझ्या जंगलात ये, मी तुझ्या गुहेत येतो. दोघांनाही दुसऱ्याच्या जागेची धास्ती आहे. युद्धानंतर लेगोलास गुहेतून बाहेर येतो तेव्हा त्याला बोलायला शब्द सुचत नाहीत, गिमलीनंच सांगावं म्हणतो. भाषाप्रभू एल्फ शब्दांत ड्वार्फकडून हरतो. तुमच्या कथेत नायकाला असं दुसऱ्याच्या घरी न्या आणि तिथं त्याला बावळट दिसू द्या. होळीच्या आधी आमच्या वरच्या बाजूला आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, शहरातले लोक मोबाइल काढून पावरी बाया-पोरींचे फोटो काढत फिरतात आणि संध्याकाळी घरी जातात. ते बघे. ज्याला ढोलाच्या तालावर पाय कसा टाकायचा ते येत नाही आणि तरी कोणीतरी हात धरून रांगेत ओढलंय, तो कथेत घ्यायचा माणूस.

माझ्या मालिकेतलं एक उदाहरण देते. त्यात नदीकाठचे गाळकर आहेत आणि कड्यावर राहणारे, दगडी कातडीचे कडेकर. गाळकरांत उंबऱ्यावर पाहुण्याला चिमूटभर मीठ चाटवायची रीत. खाल्ल्या मिठाला जागतो तो आपला. कडेकरांना मिठानं अंगाला भेगा पडतात, म्हणून ते खात नाहीत, म्हणून गाळकर त्यांना "अळणे" म्हणतात आणि बेइमान समजतात. भुरी गाळकर, दगडू कडेकर. बरेच दिवस दोघं एकत्र चालतायत. भुरी त्याच्यासोबत बिनमिठाचं भरीत खातेय आणि प्रत्येक घासाला कुरकुरतेय. मग तिच्या मामाचं गाव येतं.

मामीनं उंबऱ्यावर ताट ठेवलं. मधोमध मिठाची चिमूट.

"आधी पाहुण्यानं," मामी म्हणाली.

दगडू ताटाकडे बघत राहिला. त्याच्या अंगठ्यावरची जुनी भेग भुरीला माहीत होती.

"तो मीठ खात नाही, मामी."

"कोण खात नाही ते माहीत आहे मला."

"मग ताट कशाला ठेवलं?"

"मी सगळ्यांनाच ठेवते. रीत आहे."

भुरीनं वाकून ताट उचललं आणि मामीच्या हातात दिलं. "मग माले बी गोठामा टाक."

"तू घरची पोर आहेस!"

"म्हणूनच. गोठ्यात बाज एक आहे का दोन?"

रात्री गोठ्यात डासांनी कहर केला. दगडूच्या कातडीत डासांची सोंड शिरत नव्हती. तो घोरत होता आणि भुरी त्याला पहाटेपर्यंत शिव्या देत होती.

हे पट्टीच्या प्रसंगावरून घेतलंय, लपवत नाही. काय केलंय बघा. मामी दुष्ट नाही, ती "सगळ्यांनाच" तेच ताट ठेवते, आणि सगळ्यांना सारखं हेच दगडूला बाहेर ठेवतं. भुरीला किंमत मोजावी लागते, पण ती राज्य सोडत नाही, फक्त झोप सोडते. पुढच्या भागात मामी ही गोष्ट भुरीच्या आईला सांगते, तेव्हा किंमत वाढते. भुरी चिडली की अहिराणीवर येते, कारण चिडलेला माणूस पुस्तकी बोलत नाही. आणि दोस्तीचा पुरावा डासांपाशी आहे, तिथं ती दगडूवर मनमोकळं करवादते. ज्याच्यावर करवादता येत नाही तो दोस्त नव्हे, पाहुणा.

यानंतर एक खड्डा येतो आणि चांगले चांगले लिहिणारे त्यात पडतात. अपवादाचा खड्डा. "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस बरं का." हे वाक्य आपल्याकडे कौतुक म्हणून बोललं जातं, भाड्याच्या खोलीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत. याचा अर्थ असा की माणूस जिंकला आणि पूर्वग्रह जसाच्या तसा राहिला. कथेत एक चांगला ड्वार्फ दाखवून तुम्ही वाचकाला हीच पळवाट देता. ती बुजवायची असेल तर मित्राला त्याच्या वंशाचं सगळं ठेवू द्या, खाणं, हट्ट, देव, वास. आणि त्याच्या मागून दुसरा आणा, जो तितका गोड नाही. माझ्या मामीनं पुढे एकदा म्हटलंच, "हा बरा आहे हो, अळण्यांसारखा नाही." मी भुरीच्या तोंडी उत्तर दिलं नाही. दगडू म्हणतो, "उद्या माझा भाऊ येतोय मामी. तो तर पक्का अळणा आहे, आणि भांडखोर पण. त्याला चहा मिळेल ना?"

पूर्वग्रह मनात असलेलं पात्र वाचकाला आवडेल असं ठेवा, हेही महत्त्वाचं. इटलीतल्या लॉरिस वेझाली आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर हॅरी पॉटरमधले पूर्वग्रहाचे उतारे वाचून चर्चा केली. तो अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. स्थलांतरितांबद्दलचं मत सुधारलं, पण हॅरीशी स्वतःला जोडून घेणाऱ्या मुलांचंच. वाचक ज्याचा हात धरून चालतो त्याच्यासोबतच बदलतो. म्हणून भुरी माझी नायिका आहे, आणि पहिल्या भागात "अळणे" हा शब्द सगळ्यात जास्त तीच वापरते.

एक धोका सांगते, तो आपल्या भागात जास्त आहे. काल्पनिक वंश बनवताना पावरा, भिल, तडवी किंवा पारधी माणसांना शिंगं-शेपट्या लावून कथेत बसवू नका. व्यवहार उचला, माणसं उचलू नका. वहीतला "रोख" घ्या, कोणाचे दागिने आणि नाच घेऊ नका. कथेत अख्खा वंश जन्मानंच खराब दाखवण्याआधी आठवा की इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली, आणि तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. कागदावरून गेला, बोलण्यातून अजून पुरता गेलेला नाही. टोलकीनबद्दल माझी तक्रारही हीच आहे. ऑर्कांना, म्हणजे त्याच्या कथेतल्या सरसकट दुष्ट दाखवलेल्या वंशाला, त्यानं एकही दोस्त दिला नाही. समोर मरून पडलेल्या, शत्रूकडून लढणाऱ्या दक्षिणेच्या सैनिकाकडे बघून सॅम या हॉबिटच्या मनात येतं की याचं नाव काय असेल, हा आला कुठून असेल. ऑर्कच्या प्रेतापाशी कोणी असं थांबत नाही. तुम्हाला नवीन काही लिहायचं असेल तर ही जागा मोकळी आहे.

शेवटच्या भागाबद्दल थोडं. दोन दोस्तांमुळे दोन वंशांचं मनोमिलन झालं, गावजेवण झालं, असं करू नका. दोस्ती माणसं बदलते, नियम बदलायला वेगळं काहीतरी घडावं लागतं. टोलकीनच्याच कथेत जंगलातल्या रानटी समजल्या जाणाऱ्या लोकांना रोहन राज्याचे घोडेस्वार जनावरांसारखे टिपत आलेले असतात, आणि त्यांचा म्होरक्या घान-बुरी-घान. तो मदतीच्या बदल्यात दोस्ती मागत नाही, आमची शिकार थांबवा म्हणतो. पुढे नवा राजा ते जंगल त्यांच्या नावावर करतो आणि त्यांच्या परवानगीशिवाय आत जायला बंदी घालतो. म्हणून शेवटी पहिल्या प्रकरणातल्या त्या नियमाकडे वळा, टोल, पेला, ताट जे काय असेल ते, आणि तो नेमका किती हलला ते ठरवा. माझ्या गावात मिठाची रीत गेलेली नाही. मामी आता ताटात दोन वाट्या ठेवते, एकीत मीठ, एकीत गूळ, आणि शेजारीण तिला त्यावरून नावं ठेवते. दगडूच्या भावाला गूळही आवडत नाही. त्याचं काय करायचं हे अजून ठरायचंय. तुमच्याकडे काही सुचलं तर दुकानात या, सकाळी दहानंतर, फक्त जूनमध्ये नको.